कोथिंबिरे पेशंटची बायको

वडनेरात एखादी बातमी पाच गावांत पोचवायची असली तर लोक दवंडीवाल्याच्या नादी लागत नसत. पंचफुलाबाईच्या ओट्यावर टेकायचं, बातमी सांगायची आणि उठताना हळूच म्हणायचं, "कोनाजवळ बोलू नको बरं, बाई." एवढं केलं की काम फत्ते.

पंचफुला मूळची जाम गावची. बापाचं चणेफुटाण्याचं दुकान सडकेच्या नाक्यावर. नागपूरकडून येणारा गाडीवान, हिंगणघाटाकडे जाणारा हमाल, जो थांबेल त्याच्याशी बोलून बोलून पोरीची जीभ लहानपणीच सुरू झाली, ती पुढे थांबायचं नावच घेईना. लग्न ठरलं तेव्हा जामच्या लोकांनी वडनेरच्या लोकांना ही गोष्ट आधीच सांगून ठेवली होती, म्हणजे मागाहून फसवलं असं कोणी म्हणायला नको.

आणि नवरा मिळाला सांबाजी सुतार. तिफणी, वखर, गाडीची चाकं घडवणारा माणूस; कामाला बसला की ओठांत खिळे धरायचा. खिळे धरलेला माणूस बोलणार काय? तो "हूं" म्हणायचा. खिळे नसले तरी "हूं"च म्हणायचा. बायकोनं सांगावं आणि नवऱ्यानं हूं द्यावा, असा त्यांचा संसार कित्येक वर्षं बिनबोभाट चालला. म्हणजे बोभाटा सगळा एकीचाच. एकुलती पोरगी लग्न होऊन पुलगावला गेली, जावई तिथल्या मिलीत कामाला. मग तर पंचफुलाचं सगळं बोलणं सांबाजीच्याच वाट्याला आलं आणि त्यानं ते कुरकुर न करता घेतलं.

जगातला एकच शब्द पंचफुलाच्या तोंडून बाहेर पडत नसे, तो म्हणजे नवऱ्याचं नाव. त्या काळी कोणतीच बाई उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेत नसे, त्यात नवल नाही. पण हिची अडचण दुप्पट होती. आमच्याकडे कोथिंबिरीला म्हणतात सांबार. आता सांबाजीच्या बायकोनं सांबार तरी कसं म्हणावं? बाजारात ती "तो भाजीवरचा हिरवा पाला दे" म्हणायची आणि भाजीवाली मुद्दाम विचारायची, "कोनता पाला वं? नाव काऊन नाई सांगत?" पंचफुला लाजून पुढच्या ढिगाकडे जायची.

पंचावन्न सालचा उन्हाळा. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उलटली होती आणि पेरणीआधीच्या तिफणी दुरुस्तीला येऊन पडल्या होत्या. सांबाजी अंगणातल्या निंबाखाली कामाला बसला होता. पंचफुला ओट्यावर तांदूळ निवडत त्याला शेजारच्या तानाबाईची म्हैस कोंडवाड्यात कशी गेली ते सांगत होती. गोष्ट ऐन रंगात आली. "मंग काय झालं, समजलं का?" तिनं विचारलं. हूं आला नाही. रुसला असेल म्हणून तिनं गोष्ट तशीच पुढे दामटली. म्हैस सोडवून, घरी आणून, खुंट्याला बांधल्यावर मग तिनं मान वर केली. सांबाजी एका अंगावर कलंडला होता. तोंड वाकडं झालं होतं आणि खिळे धुळीत सांडले होते.

लकवा होता. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली.

गावाला वाईट वाटलं, पण गाव ते गाव. दुसऱ्याच दिवशी पारावर कोणीतरी म्हणालं, "बाईनं बोलून बोलून बिचाऱ्याच्या वाट्याचेही शब्द संपवले." लोक हसले आणि विसरून गेले. पंचफुलाच्या मात्र ते काळजात रुतून बसलं. खरंच आपण या माणसाला इतका वीट आणला का? आता सुटलो एकदाचा, म्हणून तर हा गप्प नसेल? हातपाय देवाच्या मर्जीनं होतील तसे होवोत, पण त्याचा आवाज परत आला पाहिजे, आणि तो आपल्याशी बोलला पाहिजे, एवढंच तिला हवं होतं.

दीर नत्थूजीनं गाडी जुंपून दोघांना हिंगणघाटला आणि तिथून रेल्वेनं वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. पेरणी तोंडावर होती, म्हणून तो लगेच परतला. मागे राहिली पंचफुला, आणि तिच्यासमोर उभ्या राहिल्या सुलोचना सिस्टर. या रत्नागिरीकडच्या. बोलणं शुद्ध, चाल झपझप, आणि शिस्त अशी की वॉर्डातल्या माशासुद्धा रांगेत बसाव्यात.

"पेशंटचं नाव?" सिस्टरनं विचारलं.

पंचफुलानं पदर तोंडाशी नेला. "आता कसं सांगू बाई… ते भाजीवर वरून टाकतात ना, हिरवं हिरवं…"

"कोथिंबीर?"

हा शब्द पंचफुलानं जन्मात ऐकला नव्हता. पण शिकलेली बाई म्हणते म्हणजे तेच असेल. "असंन," ती म्हणाली, "तुमच्याकडं तसं म्हनत असान."

सिस्टरना काहीच वावगं वाटलं नाही. त्यांच्या ओळखीत मुळे होते, कांदे होते, भोपळे तर सख्खे शेजारीच होते. तेव्हा एक कोथिंबिरे आले तर बिघडलं कुठं? सांबाजी सुतार त्या दिवसापासून कोथिंबिरे झाला.

पहिलाच दिवस गाजला. सांबाजीचा घसा कोरडा पडलेला दिसला म्हणून पंचफुलानं आपल्या रिवाजाप्रमाणे त्याची मान मागे टेकवली आणि लोट्यानं वरून पाण्याची धार सोडली. ठसका असा लागला की माणूस निळा पडला. पंचफुला त्याच्या टाळूवर थापट्या मारत ओरडली, "वर पाहा जी, वर पाहा!" लहान पोराला ठसका लागला की आपण सगळे हेच करतो. सिस्टर धावत आल्या. आधी त्यांनी लोटा हिसकला, मग सांबाजीला पुढे वाकवून बसवलं. खोकून खोकून त्याचा श्वास जागेवर आला.

"बाई, माराल की त्यांना!" सिस्टर कडाडल्या. "घशात दोन वाटा असतात. एक पोटाची, एक छातीची. लकव्यात दाराशी बसलेला राखणदार पेंगतो. मान वर केलीत की छातीची वाट सताड उघडी. पाणी सरळ आत."

पंचफुलाचा चेहरा उतरला. मग सिस्टर तिच्याशेजारी खाली बसल्या आणि त्यांनी नीट शिकवलं. पेशंटला ताठ बसवायचं, निजवून कधी भरवायचं नाही. हनुवटी छातीला लावून गिळायला सांगायचं. पाणी पातळ, ते सगळ्यात चोरटं. त्यापेक्षा आंबील घट्टसर करून द्यावी, दही द्यावं, केळं कुस्करून द्यावं. लहान चमचा. एक घोट नीट उतरला की मग दुसरा. लुळ्या बाजूच्या गालात घास दडून बसतो, तो बोटानं काढायचा. जेवण झालं तरी लगेच आडवं करायचं नाही.

"आणि जेवताना कोणी बोलायचं नाही," सिस्टर म्हणाल्या.

"ते तं कुठं बोलून राह्यले?"

"त्यांचं नाही म्हणत मी."

"म्हंजे म्या बी नाई?"

"तुम्ही तर मुळीच नाही."

पंचफुलानं सगळं ऐकलं. हनुवटीचं तिला पटलं, आंबिलीचंही पटलं. शेवटची अट तिनं नुसती ऐकून घेतली.

सकाळी डॉक्टर यायचे. खाटेजवळ उभे राहून म्हणायचे, "कोथिंबिरे, जीभ दाखवा." सांबाजी मान वळवून शेजारच्या खाटेकडे पाहायचा. सभ्य माणूस, कोथिंबिरे जीभ दाखवतो की नाही, याची त्यालाही उत्सुकता. शेजारी पाय मोडलेले सदाशिवराव होते, पुलगावचे. डॉक्टरांच्या आवाजाला घाबरून एकदा त्यांनीच जीभ काढून दाखवली. डॉक्टर पुन्हा म्हणायचे, "कोथिंबिरे, डोळे मिटा." सांबाजी पुन्हा सदाशिवरावांकडे. असं बरेच दिवस चाललं. शेवटी डॉक्टर खिन्न होऊन सिस्टरना म्हणाले, "वाचाच नाही, समजही गेली आहे. स्वतःचं नावसुद्धा ओळखत नाहीत."

पंचफुलानं हे ऐकलं. समजच गेली तर आपण बोललो काय आणि न बोललो काय! त्या दिवशी ती खरोखर गप्प बसली. वॉर्डातल्या बायांना वाटलं हिलाही लकवा झाला.

तशात नत्थूजी पेरणी आटपून भावाला पाहायला आला. दारातूनच त्यानं गळा काढला, "सांबादादा! कसा हायेस गा?"

सांबाजीनं झटक्यात मान वळवली. डोळे भरले आणि डावा हात वर झाला.

सुलोचना सिस्टर औषधाचा ट्रे घेऊन जागच्या जागी थांबल्या. "सांबा कोण?"

"कोन म्हंजे? हा काय, माहा भाऊ. सांबाजी."

"मग कोथिंबिरे?"

नत्थूजी कोथिंबिरेला ओळखत नव्हता. सगळ्यांनी पंचफुलाकडे पाहिलं आणि पंचफुला जमिनीकडे पाहू लागली. हळूहळू उलगडा झाला तेव्हा सदाशिवराव मोडका पाय धरून हसले. सिस्टर मात्र भडकल्या. "अहो बाई, नाव सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

"उखान्याबिगर कसं घेऊ?" पंचफुला रडकुंडीला आली. "अन् इथं उखाना घेतला असता तं लोक म्हनले असते, नवरा लंबा पडला अन् बाईले लगीन सुचून राह्यलं!"

"मग आता घ्या," सिस्टर म्हणाल्या. "पूर्ण घ्या. त्याशिवाय मी इथून हलणार नाही."

पंचफुलानं डोक्यावरचा पदर सारखा केला. कान लाल झाले. वॉर्ड कान टवकारून बसला.

"वांग्याची भाजी, मेथी ताजी ताजी,
ज्याईच्या घरी मी राजी, त्याईचं नाव…"

आणि इथं ती अडली. लग्नातही इथंच अडली होती, बायांनी चिमटे काढल्यावर नाव निघालं होतं. इथं चिमटे काढायला कोणी नव्हतं. तेवढ्यात खाटेवरून जड, घासलेला आवाज आला.

"सां… बा… जी."

पंचफुला मटकन खाली बसली. नत्थूजी मोठ्यानं रडू लागला. सिस्टरनी ट्रे ठेवला आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टरांनी स्वतः म्हटलं, "सांबाजी, जीभ दाखवा." सांबाजीनं जीभ दाखवली. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "चुकलंच आमचं." माणूस मनाचा मोठा होता.

सिस्टरनी तिला समजावलं. ठेच लागली की 'आई गं' म्हणायला विचार करावा लागत नाही. तसंच अंक, वार, गाणी, उखाणे तोंडात मुरलेले असतात. मनातला शब्द अडला तरी हे बाहेर येतात. "रोज त्यांच्यापुढे म्हणा आणि शेवट सोडून द्या. तो त्यांना भरू द्या."

बोलायचं काम मिळालं म्हटल्यावर पंचफुलाला काय, आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन!

दोघं वडनेरला परतली आणि गावाशी लढाई सुरू झाली. आजाऱ्याला पाहायला येणारा माणूस हात हलवत येत नाही. कोणी चहा आणला, कोणी उसाचा रस. तानाबाईचा नवरा बापूजी बशी घेऊन सरळ सांबाजीच्या तोंडाशीच गेला. ठसका लागला की सगळा ओटा ओरडायचा, "वर पाह्य, सांबाजी, वर पाह्य!" आणि पंचफुला एकटी त्यांच्यावर आवाज चढवायची, "खाली पाहा जी, खाली!" शाळेचे प्रभाकरराव गुरुजी म्हणाले, "ठसका लागला म्हणजे कोणीतरी आठवण काढली." पंचफुला म्हणाली, "आठवन काढनाऱ्याले सांगा, घरी बसून काढजो म्हना."

शेवटी तिनं सगळ्यांची शाळाच घेतली. आलेल्या माणसानं आधी ओट्यावर बसायचं, मान वर करून थुंकी गिळून पाहायची, मग हनुवटी छातीला लावून गिळायची, आणि फरक सांगायचा. त्याशिवाय पेशंटचं दर्शन नाही. एकदा पाटील तिथून जात होते. बघतात तर चांगली चांगली माणसं ओळीनं माना खाली घालून बसलेली. गावात काही कांड झालं की काय, म्हणून ते चौकशीला थांबले, आणि पंचफुलानं त्यांनाही खाली बसवलं. पुढे आजूबाजूच्या खेड्यांतून लोक लकव्याची माणसं तिच्या ओट्यावर आणू लागले, त्याची सुरुवात ही अशी झाली.

उखाण्यांचा वर्ग दुपारी भरायचा. सांबाजी आपलं नाव न चुकता भरायचा. एक दोन तीन म्हटलं की चार म्हणायचा, सोमवार म्हटलं की मंगळवार. गावच्या बायकाही मदतीला येऊ लागल्या. एका दुपारी तानाबाई पुढे सरसावली.

"आमच्या दारात तुळस ताजी ताजी,
सात जल्म मिळो मले…"

ती जरा लाजून थांबली. सांबाजीनं तेवढ्यात ठणठणीत आवाजात भरलं, "सांबाजी!"

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. बापूजी मात्र तिथंच बसला होता. तो चपला घालून निघून गेला आणि नंतर किती दिवस तरी तानाबाईशी धड बोलला नाही. पुढं तानाबाईला या वर्गाला येण्याची घरातूनच मनाई झाली.

पण एवढं होऊनही पंचफुलाच्या जिवाला चैन नव्हतं. तो अंक म्हणायचा, नाव म्हणायचा, पण तहान लागली तर पाणी म्हणत नसे. तिच्याशी म्हणून एक शब्द नाही. पारावरचं ते बोलणं पुन्हा पुन्हा कानांत वाजायचं. ती नेमाप्रमाणे त्याला दवाखान्यात दाखवायला घेऊन गेली तेव्हा सिस्टरसमोर तिनं सांबाजीला विचारलं, "अजी, परवाची भाजी कशी झालती? बरी झालती ना? मीठ जरा कमी होतं, माह्यं ध्यान नव्हतं. पन तुमी खाल्ली."

"पंचफुलाबाई," सिस्टर म्हणाल्या, "विचारलंत तुम्ही, उत्तरही तुम्हीच दिलंत. त्यांनी बोलायचं कधी?"

"ते अडतात ना बाई. मले पाहावत नाई."

"अडू द्या. उखाणा उतारावरच्या गाडीसारखा आपोआप खाली येतो. स्वतःचा शब्द चढावरचा आहे. त्याला वेळ लागतो, आणि तुम्ही दर वेळी मध्येच जू खांद्यावर घेता. विचारा आणि गप्प बसा. त्यांचा शब्द येईपर्यंत बसा."

पंचफुलाला ते लागलं. म्हणजे पारावरचे लोक खोटं बोलत नव्हते तर! येताना हिंगणघाटपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती आणि डब्यातल्या एकाही बाईला तिनं गाव विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं गप्प बसायला घेतलं. हे काम तिला लाकूड फोडण्याहून जड गेलं. गालात सुपारी धरून पाहिली, तर सुपारी चघळत बोलू लागली. पदर दातांत धरला, तर पदरातून बोलली. बोलायचं अगदी अनावर झालं की ती नत्थूजीच्या गोठ्यात जाऊन बैलांजवळ सगळं ओकून यायची. बैल तिला पाहिलं की चारा सोडून उभे राहायचे. लोक आपसात म्हणू लागले, "पंचफुलाबाईले काय झालं? अंगात बिंगात आलं का?" पण ती हटली नाही. विचारायची, "आंबील देऊ का दही?" आणि ओठ घट्ट मिटून बसायची. सांबाजीचे ओठ हलायचे, घाम यायचा, शब्द यायचा नाही. शेवटी तो डाव्या हातानं खूण करायचा. ती काही न बोलता उठायची.

असे दिवसामागून दिवस गेले. ती वाळली. हा माणूस आपल्याशी बोलणार नाही, असं तिनं मनाशी धरलं, आणि तरी ती रोज ताठ बसवून, चमच्या-चमच्यानं, हनुवटी खाली ठेवून त्याला भरवत राहिली.

एक दुपार. सांबाजी भिंतीला टेकून बसला होता. तिनं काहीही न विचारता आंबील आणली. एक घोट झाला, दुसरा झाला. तिसऱ्या घोटाला त्यानं तिचा हात धरला. गाल तपासायचा म्हणून तिनं बोट पुढे केलं, तर त्यानं मान हलवली. तोंडातलं सगळं नीट गिळलं, हनुवटी छातीला लावून, शिकवल्यासारखं. मग मान उचलून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ओठ वाकडे झाले, सरळ झाले, कपाळावर घाम आला. पंचफुला ओठ मिटून बसली होती.

"काऊन…" सांबाजी म्हणाला. थांबला. पुन्हा जोर केला. "काऊन… बोलत… नाईस?"

पंचफुलानं वाटी खाली ठेवली. किती दिवसांचं साठलं होतं तिच्याकडे! तानाबाईच्या घरचं, पुलगावच्या पोरीचं, बैलांना सांगून झालेलं, न झालेलं, सगळं. तिनं तोंड उघडलं आणि तिला एक शब्द फुटेना. नुसतेच ओठ हलले.

सांबाजीनं घाई केली नाही. तिचा हात हातात धरून, तिचा शब्द येईपर्यंत तो वाट पाहत बसला.